चर्चगेटचे 'गेट' गेले कुठे?

नमस्कार. माझ्या मागे दिसते आहे ते चर्चगेट स्थानक. रोज लाखो माणसे येथे उतरतात, पण नावातले चर्च येथून दिसत नाही आणि गेट तर कुठेच नाही. गंमत म्हणजे १८७० साली हे स्थानक सुरू झाले, तेव्हाही ते गेट जागेवर नव्हते. रायगड-प्रतापगड पाहत वाढलेला माझा मामेभाऊ पहिल्यांदा मुंबईला आला, तेव्हा त्याने मला विचारले होते, "फोर्ट म्हणता, मग किल्ला कुठाय?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आजचा हा भाग म्हणजे त्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

फोर्ट पाहायचा म्हणजे सीएसएमटीसमोर एक आणि गेटवेसमोर एक फोटो, असा अनेकांचा बेत असतो. मी मात्र एकच रस्ता सुचवेन. हॉर्निमन सर्कलपासून चर्चगेटपर्यंत येणारा वीर नरिमन रोड. जेमतेम एक किलोमीटरच्या या अंतरात जुना किल्ला, त्याची वेस आणि वेशीबाहेरचे माळरान अशा क्रमाने सारे भेटते.

(दृश्य : सेंट थॉमस कॅथीड्रलचा दर्शनी भाग)

सुरुवात करायची ती सेंट थॉमस कॅथीड्रलपासून, कारण चर्चगेटमधले चर्च ते हेच. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या काळात, १६७६ मध्ये, त्याचा पाया घातला गेला. पुढे काम रखडले आणि चर्च उघडले ते थेट १७१८ च्या नाताळात. पुढच्या काळात मुंबईतले मैलांचे दगड याच वास्तूपासून अंतर मोजून रोवले गेले. आत गेल्यावर घाई करू नका. भिंतींवरचे संगमरवरी स्मृतिफलक एकेक करून वाचा; वयाचे आकडे वाचताना इथल्या हवेने आणि रोगराईने किती तरुण माणसे नेली, ते आपसूक कळत जाते.

याच सुमारास कंपनी सरकारने वस्तीभोवती तटबंदी उभारली आणि तिला तीन मुख्य दरवाजे ठेवले. उत्तरेला बाजार गेट, दक्षिणेला अपोलो गेट आणि पश्चिमेला, चर्चकडून येणाऱ्या वाटेवर, चर्च गेट. आपल्या इतिहासाचा धागा इथेच जुळतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली. तटाबाहेर खंदक खणायचे ठरले आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनीही पदरचे पैसे दिले. म्हणजे फोर्टच्या खंदकात मराठ्यांच्या धाकाचाही वाटा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता चर्चकडून पश्चिमेला चालत निघा. काही मिनिटांत फ्लोरा फाउंटन येते. चर्च गेट होते ते साधारण इथेच. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तटाला भिण्याजोगा शत्रू उरला नाही. आतली वस्ती मात्र दाटीने गुदमरू लागली. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला होता आणि नव्या बांधकामांसाठी पैशाची ददात नव्हती. १८६४ चे हे कारंजे मुळात भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी ठरले होते, ते येऊन बसले वेशीच्या जागी.

कारंज्याशेजारीच हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी याच परिसरात जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, आणि म्हणून हा हुतात्मा चौक. येथे सेल्फी काढणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही, पण आधी मिनिटभर हात जोडावेत एवढी अपेक्षा जरूर आहे.

काळ्या घोड्याकडे जायला वेळ असेल, तर तिथला के. दुभाष मार्ग पाहून या. त्याचे जुने नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाशेजारची आळी. तट गेला, पण नाव पुढे कितीतरी वर्षे लोकांच्या तोंडी राहिले.

(दृश्य : ओव्हल मैदान, संध्याकाळ)

चौकातून पुढे आलात की उजव्या हाताला क्रॉस मैदान आणि डाव्या हाताला ओव्हल. माझ्या मते किल्ल्याची सर्वांत मोठी खूण ही मैदानेच आहेत. तटावरच्या तोफांना समोर आडोसा नको, म्हणून बाहेरची जमीन मोकळी ठेवली जात असे. त्या मोकळ्या एस्प्लनेडचे उरलेले तुकडे म्हणजे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज. तोफांसाठी राखलेल्या जागेत आज एकाच वेळी क्रिकेटचे डझनभर डाव रंगतात आणि एकाचा चेंडू दुसऱ्याच्या स्लिपमध्ये जातो.

ओव्हलच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला हा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला; त्याचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट कधी भारतात आलेच नाहीत. या साऱ्या इमारतींनी तोंडे पश्चिमेकडे का केली आहेत? कारण तेव्हा समोर समुद्र होता. १९३० च्या दशकात भरावाच्या जमिनीवर आर्ट डेको या तेव्हाच्या नव्या शैलीतल्या इमारती उभ्या राहिल्या आणि समुद्र त्यांच्या आड गेला. मैदानाच्या दोन बाजूंच्या या दोन काळांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

शक्यतो रविवारी या, कारण कचेऱ्या बंद असतात आणि रस्त्याच्या मधोमध थांबून वर पाहता येते. निघण्याची वेळ मात्र अशी साधा, की ओव्हलवर पोहोचाल तेव्हा पाच वाजलेले असतील. मावळतीकडे झुकलेले ऊन त्या वेळी राजाबाईच्या पिवळसर दगडावर थेट पडते, आणि पाठीमागे चर्चगेटहून सुटणाऱ्या लोकलचा आवाज येत असतो.