लाल पोवळं दिसलं? आधी हात मागे घ्या!

नमस्कार मंडळी! हा फोटो बघा. पालापाचोळ्यातून वर आलेली लालभडक बोटं, जणू कुणी कुंकवात बुडवलीयत. ही आहे बुरशी. जपानमध्ये हिला 'काएनताके' म्हणतात, म्हणजे ज्वाळेची अळंबी.

२०१९ मध्ये ती ऑस्ट्रेलियात सापडली, केर्न्सच्या रेडलिंच उपनगरात. तोवर ती मुख्यतः जपान-कोरियाची मानली जायची. जेम्स कुक विद्यापीठाचे मॅट बॅरेट यांनी ओळख पटवली. त्यांचं म्हणणं, ही बाहेरून आलेली नाही, ऑस्ट्रेलियातलीच असावी.

(फोटो जवळून)

आता ओळखायची कशी? रंग शेंदरी ते लाल. बोटं जाड, टोकं गोलसर, कधी हरणाच्या शिंगासारखे फाटे फुटलेले. तिच्या शास्त्रीय नावातही हरणाचं शिंगच आहे. उगवते झाडाच्या मुळाशी. जपानमध्ये तर ओकची झाडं वाळून मेली, की तिथे हमखास बघतात. आणखी एक लाल बुरशी हिच्यासारखी दिसते, पण ती बारीक आणि मऊ, सहज मोडते. ही कडक, आतून पांढरी. पण हे बघायला मोडून बघू नका हं! हात लावू नका, असं बॅरेट यांनीही बजावलंय.

खाल्ली तर? १९९९ मध्ये जपानच्या निइगातात पाच जणांनी साके या तांदळाच्या दारूत भिजवलेली ही बुरशी घेतली. जेमतेम ग्रॅमभर. दोन दिवसांत एक जण गेला. हिचं विष पेशींना प्रथिनंच बनवू देत नाही. म्हणून ज्या पेशी भराभर वाढतात त्यांच्यावर घाला आधी. उलट्या-जुलाब, मग कातडी सोलते, केस गळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात.

आता गंमत ऐका. दिसते पोवळ्यासारखी, पण 'पोवळं-बुरशी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खऱ्या बुरशींशी हिचं नातं लांबचंच. ही ट्रायकोडर्मा कुळातली! हो, तोच ट्रायकोडर्मा, जो आपले शेतकरी मर रोगावर शेणखतात मिसळून टाकतात. घाबरू नका, पाकिटातली जात वेगळी.

तर जंगलात असं लाल काही दिसलं, की वाकून फोटो काढा, मोजायला शेजारी काडी ठेवा, आणि पोराचा हात घट्ट धरा.