ट्रम्प, पऱ्हाटी आन् रेशनचा गहू

हे जे मागं दिसून राहिलं ते यवतमाळ जिल्ह्यातलं एक साधं शेत आहे. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली आणि त्यात कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाया. आता तुम्ही म्हणाल, जगाच्या बातम्यांवर व्हिडिओ आन् हा दाखवून काय रायला तर कापूस! पण भाऊ, आमच्याकडं जगाची बातमी आधी भावात येते, टीव्हीवाले मग कधीतरी ओरडतात.

2025 चा ऑगस्ट घ्या. 27 तारखेपासून अमेरिकेनं भारताच्या मालावर 50 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावला. चॅनलवर रात्रभर चर्चा, मोदी काय म्हणाले, ट्रम्प काय म्हणाला, रशियाचं तेल वगैरे. आमच्या चौकात तर दोन गट पडून भांडणं झाली, चहा थंडा झाला पण कोणी माघार घेईना. पण त्याच्या आठ दिवस आधीच, म्हणजे 19 ऑगस्टपासून, सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरची 11 टक्के ड्युटी काढून टाकली होती. त्या बातमीला पेपरात कोपरा मिळाला. ही सूट पहिले 30 सप्टेंबरपर्यंत होती, आणि टॅरिफ लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुदत वाढवून 31 डिसेंबर केली.

आता गणित पाहा. कपडे बनवणाऱ्या कंपन्यांचा अमेरिकेतला धंदा अडचणीत आला, म्हणून त्यांना सूत स्वस्त पाहिजे, सुतासाठी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, स्वस्त पाहिजे, म्हणून ब्राझील-अमेरिकेची कापसाची गाठ बिनाड्युटीची येऊ द्या. त्यांचंही चूक नाही, तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपडे कारखान्यांतही मजूरच बसलेला आहे. पण आमची पहिली वेचणी कधी होते? दसरा-दिवाळीत! म्हणजे आमचा माल घरात यायला लागतो नेमकं तेव्हा दार उघडं. ऑगस्टमध्ये तर इथं बोंडं पण धड धरली नव्हती, आणि आमच्या कापसाच्या भावाचं तिकडं ठरून मोकळं झालं होतं.

लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये जाहीर झाला होता, ते खरं. पण हमीभाव घ्यायचा तर सीसीआयच्या, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाच्या, सेंटरवर जायचं, त्याच्याआधी कपास किसान ॲपवर नोंदणी, सातबारावर कापसाचा पेरा पाहिजे, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत. 8 च्या वर गेला की तेवढ्या हिशेबानं पैसे कापतात. आता पावसानं भिजलेला पहिल्या वेचणीचा कापूस 12 च्या आत कसा बसवायचा बा? घरात पसरून ठेवायला जागा पाहिजे, आणि थांबायला खिशात पैसे पाहिजे. ज्याला सोयाबीनच्या सोंगणीचे पैसे द्यायचे राहिले तो थांबत नाही, तो खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, घरूनच देऊन टाकतो, पडेल त्या भावात.

आणि हे काही आजचं नाही. 1861 ते 1865 अमेरिकेत आपसातली लढाई चालू होती, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना म्हणून वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव चढला. लढाई संपली आणि भाव बसला. नंतर इंग्रजांनी कापूस न्यायला रेल्वे टाकल्या, आमची शकुंतला त्यातलीच, यवतमाळ ते मूर्तिजापूर. आता ती बंद आहे, रुळांत झाडं उगवली. तेव्हाही आमच्या आज्या-पणज्याला लिंकन कोण ते माहीत नसेल, भाव मात्र माहीत होता.

आता चौकातली पोरं पाहा. हातात मोबाईल, त्यावर शेअर बाजाराच्या हिरव्या-लाल कांड्या. निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे बाजार वर जाईल का खाली याच्यावरचे सौदे, खेळून राहिले! शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच 2024 मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे हेच वायदे-ऑप्शन, खेळणाऱ्या 93 टक्के साध्या लोकांचं नुकसान झालं, सरासरी 2 लाखांच्या आसपास. पोरगं म्हणते, काका आपण सात टक्क्यांतले. बरं, राहा बापा. मला राग त्याचा नाही येत, दुसऱ्याच गोष्टीचा येते. त्याच सेबीनं डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवायचे सौदे, बंद केले आणि मग मुदत वाढवत नेली. म्हणजे बापानं पिकवलेलं सोयाबीन तीन महिन्यांनी काय भावानं जाईल याचा अंदाज बघायची सोय नाही, आणि पोराला निफ्टी वर जाईल का खाली यावर पैसे लावायला पूर्ण मोकळीक. वायद्यात साठेबाज शिरतात हे मान्य आहे, पण मग निफ्टीत काय साधुसंत बसले आहेत?

तब्येतीची बातमी घ्या. जानेवारी 2025, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस हातात यायला लागले, काही दिवसांत टक्कल. कॅमेरे आले, टक्कल व्हायरस म्हणून रील फिरल्या, लोक हसले. त्या गावच्या पोरींचं काय झालं असेल ते कोणी विचारलं नाही, पाहुणे यायचे थांबले म्हणतात. पहिले पाण्यावर संशय होता. मग विंचवाच्या दंशावर काम केलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडं बोट दाखवलं, त्यात सेलेनियम नावाचं खनिज जास्त, आणि गहू बाहेरच्या राज्यातून आलेला.

मला ते ऐकून ज्वारी आठवली. आमच्या लहानपणी ताटात ज्वारीचीच भाकर, कडबा ढोरायले. सोयाबीन आलं तशी ज्वारी गेली, कारण पैसा सोयाबीनमध्ये होता आणि उरलेली ज्वारी पाखरं अन् रानडुकरं खात. मग खायचं काय, तर रेशनचं. ज्या बाजारानं वावरातली ज्वारी हाकलली त्याच बाजारातून गहू ताटात आला, आणि टीव्हीवर मात्र ही बातमी आरोग्याच्या रकान्यात.

मनोरंजनाचं थोडक्यात सांगतो, कारण तिकडं आमचे मामा आहेत, गडचिरोलीकडं. तिथलं वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचं, माहेरघर. दिवाळीनंतर सीझन सुरू, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, दिवसा आणि नाटक रात्रभर, माणसं शाल पांघरून सकाळपर्यंत बसतात. झाडीपट्टीचे कलाकार परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईवाल्यांना कळलं की असं काही आहे. ओटीटी आलं, रील आल्या, पण नाटक चालूच. मामाले विचारलं, यंदा नाटकं किती? ते म्हणे, धानाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, कधी जमा होतात त्याच्यावर आहे, आधी पैसे येऊ दे खात्यात, मग मंडळाची पोरं बुकिंगले वडस्याले जातील.