परवा गड्ड्यावर दिसलात की ओ

मागच्यांना ऐकू येतंय ना, नाहीतर पुढं या, खुर्च्या आहेत.

मला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहायचा आजार आहे, नऊ वर्षं झाली. मागच्या संक्रांतीला मी आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता टाकायला गेले होते, सकाळपासून बरं वाटत होतं म्हणून साडीबिडी नेसून, तीन तास उभी, मग पोरांबरोबर गड्ड्यावर, तिथल्या जत्रेत पण हिंडले, आणि दुसऱ्या दिवसापासून चार दिवस अंथरुणात, केस विंचरायला हात वर जाईना. पाचव्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "परवा गड्ड्यावर दिसलात की ओ, मस्त हिंडत होता, आणि आता दुखतंय म्हणता?"

काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण घरोघरचा गैरसमज हाच, की एक दिवस हिंडली म्हणजे बाकीचे दिवस नाटक. ह्या आजारात दिवस सारखे नसतातच, आणि बरं वाटलं की तुंबलेली धुणी, पाहुणे, बाजार सगळं आपण त्याच दिवशी उरकतो अन् पुढचे तीन दिवस आडवे होतो.

दुसरं, रिपोर्ट. ईएसआर, सीआरपी ह्या सूज बघायच्या रक्ततपासण्या नॉर्मल, एक्स-रे साफ, मग घरचे म्हणतात काहीच नाही हिला. त्या तपासण्या सूज, संधिवात असलं दुसरं काही नाही ना हे बघायला असतात, आणि फायब्रोमायल्जियात सांधे झिजत नाहीत की वाकडे होत नाहीत. गडबड असते ती दुखण्याचे सिग्नल मेंदू आणि मज्जारज्जू कसे हाताळतात त्यात. पोरीनं मारलेली मिठी, ब्लाउजची घट्ट बाही, हेसुद्धा वर पोचेपर्यंत दुखणं होऊन पोचतं. शिवाय आठ तास झोपून उठलं तरी अंग मोडलेलंच, आणि गॅसपाशी जाऊन आपण कशाला आलो तेच आठवत नाही.

अंगावरच्या 18 जागा दाबून 11 दुखल्या तरच हा आजार, हा 1990 चा नियम. 2010 च्या निकषांत ते दाबणं काढलं, आता दुखणं किती ठिकाणी पसरलंय, झोप, थकवा, विसराळूपणा असं सगळं विचारतात. आणि हा बायकांचाच आजार असं पण नाही, पुरुषांना होतो, ते बोलत नाहीत.

ड्युलोक्सेटिनची चिठ्ठी बघून मी दवाखान्याच्या पायरीवर रडले होते. डिप्रेशनची गोळी दिली म्हणजे डॉक्टरला पण हे मनाचंच वाटतंय असं झालं मला. कुणीतरी नीट सांगायला हवं होतं, की सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही रसायनं मेंदूकडनं खाली दुखणं दाबायचं काम पण करतात, गोळी त्यासाठी असते. उलट मेडिकलमधनं रोज आणलेल्या पेनकिलरचा ह्यात फारसा उपयोग होत नाही, पोट मात्र बिघडतं.

आणि आराम कर, आराम कर म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगते, 2017 च्या युरोपियन शिफारशींमध्ये ठाम शिफारस एकाच गोष्टीची होती, व्यायामाची. पण बेतानं! मी सिद्धेश्वर तळ्याकाठी पाच मिनिटांपासून सुरू केलं, पहिले काही आठवडे दुखणं वाढलंच, मग हळूहळू वीस मिनिटांवर आले. बरं वाटलं तरी वीसच, वाईट दिवशी पाच.

यंदा अक्षतांना अर्धाच तास थांबले, भाचीनं रिक्षा आणली. काकूंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, उद्याच्या भाकरी तुमच्याकडच्या, आणि त्या दुपारी स्वतःच घेऊन आल्या, शेंगाचटणीसकट.