नातवंडं झाली, आता कुठे जायचं?

समजा, तुम्हाला नातू झाला. केस पिकलेत, चेहऱ्यावर सुरकुत्या आल्यात. पुढे काय? मनुस्मृतीकडे तयार उत्तर आहे: ‘अपत्यस्यैव चापत्यं तदारण्यं समाश्रयेत्’. मुलाचं मूल पाहिलंत ना? मग धरा रानाची वाट.

आता चला ग्रीकांकडे. लिडियाचा (आजच्या तुर्कस्तानातला) राजा क्रीसस, पैशाला तोटा नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, क्रीससनं अथेन्सहून आलेल्या सोलोन या शहाण्या कायदेकाराला आधी अख्खा खजिना फिरवून दाखवला आणि मग हळूच विचारलं, सगळ्यात सुखी माणूस कोण पाहिलास? स्वतःचंच नाव ऐकायचं होतं, दुसरं काय! सोलोन म्हणाला, टेलस.

कोण टेलस? अथेन्सचा एक नागरिक. शहराची भरभराट, मुलं गुणी, नातवंडं सगळी जगलेली. अथेन्सजवळच्या एल्युसिसला शेजाऱ्यांशी लढाई जुंपली, तेव्हा हा मदतीला धावला, शत्रूला पळवून लावलं आणि तिथेच पडला. अथेन्सनं शहराच्या खर्चानं, पडला त्याच जागी त्याला पुरलं.

म्हणजे नातवंडांपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्याच. तिथून मनूचा आजोबा रानात जातो, सोलोनचा रणात.

ग्रीकांचं ‘पोलिस’, म्हणजे नगरराज्य (आपले खाकीवाले नव्हेत!), सोडून जगण्याला अर्थच नव्हता. ज्याला त्याची गरज नाही तो एकतर पशू नाहीतर देव, असं तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. अथेन्समध्ये बाजारात रेंगाळणाऱ्यांना लाल रंगात भिजवलेल्या दोरीनं नागरिकांच्या सभेकडे हाकत. अर्थात फक्त नागरिक पुरुषांना. बायका, गुलाम, परके यांना सभा नव्हतीच.

आपल्याकडे धर्म, अर्थ, काम हा त्रिवर्ग जुना. मोक्ष मागाहून आला. यांत मोठं काय, यावर महाभारताच्या शांतिपर्वात घरातच वाद रंगतो. विदुर धर्माच्या बाजूनं, अर्जुन अर्थाच्या. भीम कामाच्या, आणि मला त्याचंच बोलणं आवडतं: पेंडीपेक्षा तेल बरं, ताकापेक्षा तूप, तसा या दोघांपेक्षा काम! शेवटी युधिष्ठिर मोक्षाचं नाव घेतो.

आणि हाच युधिष्ठिर पुढे ३६ वर्षं हस्तिनापूरच्या गादीवर बसतो.

तिकडे अ‍ॅरिस्टॉटल? तो मूळचा उत्तरेकडच्या स्टॅगिरा गावचा, अथेन्समध्ये परकाच. त्या सभेत त्याला मत नव्हतं. इ.स.पू. ३२३मध्ये मॅसेडोनियाचा राजा आणि याचा जुना शिष्य अलेक्झांडर वारला, मॅसेडोनियाशी जवळीक असलेल्यांवर शहर उलटलं, आणि हा खाल्किस या दुसऱ्या ग्रीक शहरात निघून गेला. वर्षभरात तिथेच वारला.