भिंत विकाऊ, गोळी फुकट

[काळा पडदा. रॉकेट सुटल्याचा आवाज. हळूहळू उजळत जाणारी दगडी कमान.]

ही जागा ओळखली का? ज्यांनी ओळखली त्यांच्या डाव्या हाताची बोटं आत्ताच कीबोर्ड शोधायला लागली असतील. क्वेक थ्री अरिना, गोळीबाराचा कॉम्प्युटर गेम. डिसेंबर १९९९. कथा नाही, पात्रांची ओळखपाळख नाही. उडी मारायची, रॉकेट लाँचर उचलायचा, समोरच्याला उडवायचं, मग आपण उडायचं आणि दोन सेकंदांत पुन्हा हजर व्हायचं.

आता हीच कमान, दहा वर्षांनंतरची. डावीकडच्या भिंतीकडे बघा.

[तीच कमान. भिंतीवर चकाकता फलक.]

होर्डिंग लागलंय. कवट्या, मशाली, लाव्हा, आणि त्यांच्या मधोमध एक जाहिरात. चौकातल्या पिंपळाच्या पारावर मोबाइल रिचार्जचा बोर्ड लावावा, तसं दिसतं ते.

हा फलक तिथे कसा आला, त्याला बघून खेळणारे का भडकले, आणि तो गेल्यावर त्याच लोकांना त्याची आठवण का यायला लागली, त्याची ही गोष्ट.

[जुना सायबर कॅफे. लाकडी पार्टिशन, हेडफोन, पंखा.]

आधी आमची बाजू सांगून टाकतो. मी तेव्हा पुण्यात कॉलेजला होतो. कॅफेतल्या सगळ्या मशीनवर काउंटर-स्ट्राइक आणि क्वेक टाकलेले असायचे, आणि त्यांच्या सीडी कुठून आल्या हे कुणी विचारायचं नाही. त्यामुळे पुढे २००७ मध्ये 'आता क्वेक फुकट मिळणार' या बातमीने अमेरिकेत जी खळबळ उडाली, ती आमच्याकडे नाही उडाली. फुकटच खेळत होतो की! पण त्या कॉपीला एक कुंपण होतं. कॅफेतल्या कॅफेत ती चालायची, बाहेरच्या अधिकृत सर्व्हरवर जायचं तर विकतच्या सीडीसोबतचा खरा क्रमांक, म्हणजे 'की', लागायची. म्हणजे आम्ही गल्लीतले राजे, वेशीबाहेर आम्हाला कुणी ओळखत नव्हतं.

[२००६. गेमचं खोकं उघडणारे हात.]

जाहिरातीवरचं पहिलं मोठं भांडण मात्र फुकट गेमवरून झालंच नाही, ते झालं विकतच्या गेमवरून. ऑक्टोबर २००६ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने बॅटलफील्ड २१४२ बाजारात आणला. पूर्ण पैसे मोजून घ्यायचा गेम. लोकांनी खोकं उघडलं तर सीडीबरोबर एक कागद निघाला. मतितार्थ असा, की या गेममध्ये जाहिराती दाखवल्या जातील, त्यासाठी तुमच्या मशीनचा आयपी पत्ता वगैरे माहिती घेतली जाईल, आणि हे मान्य नसेल तर इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर गेम टाकू नका.

हॉटेलात थाळीचे पैसे आधी घ्यायचे आणि मग ताटाखाली चिठ्ठी सापडावी, की तुम्ही काय चावताय ते आम्ही लिहून घेणार आहोत, असा तो प्रकार. लोक खवळले. हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर आहे, असा आरोप झाला. तसं काही नाही, फलक किती वेळ दिसला एवढंच मोजतो, असा कंपनीकडून खुलासा आला. ते खरंही असेल, पण पैसेही घ्यायचे आणि भिंतही विकायची, हे लोकांना पटेना. शिवाय गंमत बघा, गेम घडतो २१४२ साली, हिमयुगात, आणि फलकांवर माल २००६ सालचा.

[पडद्यावर रेखाचित्र: गेम, जाहिरातीचा सर्व्हर, फलक.]

हे फलक चालतात कसे, ते थोडक्यात. जाहिरातीचं चित्र गेमच्या फाइलमध्ये नसतं. तिथे नुसती रिकामी चौकट असते. तुम्ही मॅचमध्ये शिरलात की गेम बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतो, हा माणूस अमुक देशातला, आत्ता एवढे वाजलेत, याला काय दाखवू? चित्र येतं आणि चौकटीत बसतं. मग मोजणी सुरू होते. फलक पडद्यावर केवढा दिसला, कोणत्या कोनातून, किती सेकंद. ठरलेली सेकंदं भरली की एक 'दर्शन' झालं, आणि त्या दर्शनाचे पैसे.

या धंद्यात तेव्हा मोठमोठे लोक उतरले होते. असे फलक विकणारी मॅसिव्ह ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली. २००८ च्या निवडणुकीत तर बराक ओबामांच्या प्रचाराचे फलक बर्नआउट पॅराडाइज या गाड्यांच्या गेममध्ये रस्त्याकडेला झळकले.

रेसिंगच्या गेममध्ये हे खपतं. रस्ता म्हटला की होर्डिंग आलंच. शूटरची, म्हणजे गोळीबाराच्या गेमची, गोष्ट वेगळी. तिथे भिंतीकडे बघत जो थांबला, तो मेला. क्वेक खेळणारे जुने लोक तर सेटिंगमध्ये जाऊन भिंतींवरची नक्षी मुद्दाम पुसट करून ठेवायचे, भिंत अशी सपाट आणि निर्जीव दिसली की समोरचा माणूस उठून दिसतो म्हणून. ज्याने भिंत न दिसण्याची इतकी तजवीज केली, त्याला तीच भिंत विकून दाखवायची होती. खेळाडू जितका तरबेज, तितका जाहिरातीला निरुपयोगी. खरा प्रेक्षक कोण, तर नुकताच मेलेला.

[डॅलस, ऑगस्ट २००७. क्वेककॉन.]

तरीही क्वेक बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने हा जुगार खेळला. ऑगस्ट २००७ मध्ये, क्वेककॉन या चाहत्यांच्या मेळाव्याच्या मंचावरून कंपनीचे सहसंस्थापक जॉन कारमॅक यांनी घोषणा केली. क्वेक थ्री नव्या रूपात येणार, ब्राउझरमध्ये चालणार, पैसे लागणार नाहीत, खर्च जाहिरातींतून निघेल. नाव ठेवलं होतं क्वेक झीरो. पुढे ते क्वेक लाइव्ह झालं.

प्रतिक्रिया दोन तोंडांनी आल्या. एक तोंड म्हणत होतं, आमच्या देवळात दुकान मांडलं. हे लोक आठ वर्षं तोच गेम खेळत होते, कोणत्या पायरीवरून किती कोनात उडी मारली की वेग वाढतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. दुसरं तोंड म्हणालं, फुकट ते पौष्टिक. आठ वर्षांत सर्व्हर ओस पडत चाललेत, जाहिरातींनी नवी माणसं येणार असतील तर येऊ देत. मजा म्हणजे ही दोन्ही तोंडं बऱ्याचदा एकाच माणसाची असायची. दिवसा निषेध करायचा आणि रात्री बीटाचं, म्हणजे चाचणी आवृत्तीचं, आमंत्रण आलं का म्हणून मेल तपासायची.

[रांगेचा आकडा दाखवणारा पडदा.]

२४ फेब्रुवारी २००९ ला दार सगळ्यांसाठी उघडलं आणि एवढी झुंबड उडाली, की गेममध्ये शिरण्यासाठी रांग लावावी लागली. ब्राउझरमध्ये आपला नंबर दिसायचा आणि तो हळूहळू खाली यायचा. रेशनच्या दुकानासारखं. मीही त्या रांगेत होतो. घरचं ब्रॉडबँड २५६ केबीपीएसचं, गेम उतरायला रात्र गेली, आणि आत गेल्यावर पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, इतका, की मी गोळी झाडेपर्यंत समोरचा मला मारून पुढे निघून गेलेला असायचा. पण पहिल्यांदाच माझ्या नावाचं खातं होतं. किती मारले, किती वेळा मेलो, सगळी नोंद. कॅफेतली सीडी हे देत नव्हती. माझ्यापुरती त्या फलकाची किंमत तिथेच वसूल झाली.

आणि फलकांचं काय? आठवड्याभरात ते कुणाला दिसेनासेच झाले. आपण रोज ज्या चौकातून जातो तिथल्या होर्डिंगवर सध्या कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर आहे, हे पटकन सांगता येईल का? तसंच. तक्रारी आल्या त्या रांगेच्या, ब्राउझरला जोडाव्या लागणाऱ्या प्लगइनच्या, आपल्याला चुकीच्या जोडीदारांबरोबर बसवल्याच्या. ज्या गोष्टीवर दीड वर्ष रण माजलं होतं, ती पहिल्या मॅचनंतर गळून पडली.

नेमकं इथेच गणित फसलं. खेळाडूला न दिसणारी जाहिरात विकायची कुणाला? त्यात वेळ वाईट. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक बुडून जेमतेम पाच महिने झाले होते, मंदी होती. कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली की पहिला घाव जाहिरातीवर पडतो, त्यातही नव्या आणि प्रयोगाच्या जाहिरातीवर. भिंती होत्या, पण भाडेकरू नव्हते. मायक्रोसॉफ्टनेही २०१० मध्ये मॅसिव्हचा गाशा गुंडाळला.

ऑगस्ट २०१० मध्ये क्वेक लाइव्हची वर्गणी सुरू झाली. प्रीमियम महिना १.९९ डॉलर, प्रो ३.९९, आणि पैसे वर्षाचे एकदम. फुकटचं खातं राहिलं, पण जादा रिंगणं आणि स्वतःचा सर्व्हर उघडायची सोय पैसेवाल्यांना. यावर कुरकुर झाली, पण दंगा नाही झाला. बंदूक सगळ्यांना सारखीच होती ना! पैसे देणाऱ्याच्या रॉकेटने जास्त जखम होत नव्हती. क्वेकवाल्यांचा धर्म एवढाच.

[कार्टूनसारखे सैनिक, जाड मिशा, रंगीत रणगाडे.]

हा धर्म मोडला की काय होतं, ते दुसरीकडे दिसलं. बॅटलफील्ड हीरोज. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्याच स्टॉकहोममधल्या डाइस स्टुडिओचा गेम, जानेवारी २००८ मध्ये जाहीर झाला आणि जून २००९ मध्ये आला. २१४२ च्या कागदाने पोळलेल्या कंपनीने इथे आधीच सांगितलं होतं, की जाहिराती वेबसाइटवर आणि गेम सुरू होण्याआधी दिसतील, रणांगणात नाहीत. शिवाय पैसे टाकून कपडे, टोप्या, हौसेच्या वस्तू घ्या. जिंकायला पैसे लागणार नाहीत.

२००९ संपता संपता भाव बदलले. खेळून कमावलेल्या गुणांवर जी हत्यारं मिळायची ती एकदम महाग झाली, आणि खऱ्या पैशांत मिळणारी हत्यारं जास्त मारक झाली. मग जो भडका उडाला त्यापुढे फलकांवरचं भांडण म्हणजे नळावरची बाचाबाची. रोज खेळणारा माणूस नेम धरायला शिकलेला, आणि काल आलेला पोरगा बापाच्या कार्डावर त्याला लोळवतोय!

पण पुढचं ऐका. या गेमवर काम केलेले बेन कझिन्स २०११ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये उभे राहिले आणि आकडे मांडले. एवढ्या बोंबाबोंबीनंतर उत्पन्न तिपटीच्या आसपास गेलं होतं आणि खेळणारे जवळपास तेवढेच राहिले होते. चर्चेच्या पानांवर लिहिणारे होते सगळ्या खेळाडूंपैकी साधारण २ टक्के, आणि हेच २ टक्के बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त पैसे खर्च करणारे. म्हणजे शिव्या देणाराच सर्वांत मोठा गिऱ्हाईक. लग्नात जेवणाला नावं ठेवणारा पाहुणाच चौथ्यांदा जिलबी घेतो, ते आपण पाहिलंय.

मला तरी त्या आकड्यांतून खेळाडू दुटप्पी आहेत असं दिसत नाही. ज्याचा जीव अडकलाय तोच भांडतो, आणि तोच पैसेही देतो. कंपनीने मात्र धडा घेतला तो सोयीचा. ओरडू द्या.

आणि याच सुमारास सूर पालटला. जे लोक जाहिरात नको म्हणत होते, तेच म्हणायला लागले की त्यापेक्षा जाहिरात परवडली. होर्डिंग निदान गोळी तरी झाडत नव्हतं.

[टोप्यांची रांग.]

टीम फोर्ट्रेस टू हा आणखी एक शूटर जून २०११ मध्ये फुकट झाला आणि गेममधल्या पात्रांच्या टोप्या विकून चालला. तिथली तऱ्हा न्यारी. ज्यांनी पूर्वी विकत घेतला होता ते नव्यांना 'फुकटे' म्हणून हिणवू लागले. वीस वर्षं भाडं भरलेला जुना भाडेकरू नव्या माणसाकडे जसा बघतो, तसं.

[रिकामी कमान. फलक नाही.]

शेवट कसे झाले? बॅटलफील्ड हीरोजचे सर्व्हर १४ जुलै २०१५ ला बंद झाले. क्वेक लाइव्ह ब्राउझरमधून बाहेर पडला, २०१४ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये चक्क विकतचा झाला, किंमत ९.९९ डॉलर. जुन्या नोंदी पुसल्या गेल्या. रांगेत उभं राहून सुरू केलेलं माझं खातंही त्यातच गेलं. गेल्याचं दुःख नाही, आकडे काही दाखवण्यासारखे नव्हते.

जाहिरातीवर चालणारा शूटर संपला मात्र नाही. २०१७ मध्ये शेल शॉकर्स आला, ज्यात अंडी अंड्यांवर गोळ्या झाडतात आणि बंदुकीचं नाव 'एगके-४७'. पुढच्या वर्षी क्रंकर. दोन्ही ब्राउझरमध्ये, दोन्हींच्या आजूबाजूला जाहिराती. ते खेळणाऱ्या शाळकरी पोरांना जाहिरातीचा राग वगैरे येत नाही. जाहिरात बंद करणारं एक्स्टेंशन कुठलं घालायचं आणि कॉम्प्युटर लॅबच्या सरांना कळू न देता कसं, एवढाच त्यांचा प्रश्न.

[बीजीएमआय. एरँगलचा रस्ता, धुळीतून येणारी गाडी.]

आणि आता हे. २०२५ च्या सुरुवातीला महिंद्रची बीई ६ ही इलेक्ट्रिक गाडी बीजीएमआय या मोबाइलवरच्या शूटरमध्ये आली. भिंतीवरचं चित्र नाही, चालवता येणारी गाडी. खरी गाडी बनते चाकणला, पुण्याहून तासाभरावर. तिला बघून कुणी हेरगिरीचा आरोप केला नाही, देवळात दुकान मांडलं असं म्हटलं नाही. पोरं तिच्यात बसून फोटो काढत होती.

परवा भाच्याला घेऊन नाशिक रस्त्याने चाललो होतो. सिग्नलला शेजारी तीच गाडी येऊन थांबली. भाचा खिडकीतून अर्धा बाहेर.

"मामा, ती बघ! आपल्या गेममधली गाडी!"

[सिग्नल हिरवा. गाडी पुढे निघून जाते.]