चढावर गाडीचा दम तुटला, तर

(दृश्य: धामनोदच्या पुढचा घाट. भरलेला ट्रक, मागे काळा धूर.)

खलघाटला नर्मदा ओलांडली, धामनोद मागे पडलं, की इंदूरकडे येणाऱ्या भरल्या गाडीसमोर विंध्याचा चढ उभा राहतो. गाडीचं दुखणं इथंच बाहेर येतं. सपाटीला निवांत पळणारी गाडी इथं खालच्या गिअरवर येते, काळा धूर सोडते आणि ओढेनाशी होते. गाडी एकच, चालवणारा मालक स्वतः, आणि हप्ता तोंडावर आलेला. त्या धुरात त्याला पहिल्यांदा पैसाच दिसतो.

मानपूरला टपरीवर कुणीतरी सांगतं, ‘दादा, टर्बो गेला.’ टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. इंदूरच्या देवास नाक्याच्या गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर मनात कर्ज काढून झालेलं असतं. थांबा. आधी पाईप बघा.

टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे ती तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीला, जाणारा रबरी पाईप चिरला किंवा त्याचा क्लॅम्प ढिला पडला, तरी लक्षणं हीच: काळा धूर, ओढ कमी, रेस दिली की फुस्स आवाज. चीर खालच्या अंगाला असली तर वरून दिसत नाही; इंजिन गार झाल्यावर बोटं फिरवूनच सापडते. पाईपचा खर्च टर्बोच्या खर्चापुढं किरकोळ आहे.

(दृश्य: टर्बोचं तोंड, दोन बोटं.)

पाईप शाबूत निघाला, तर एअर फिल्टरकडची नळी काढा. आत चक्राच्या मधोमध नट दिसेल. तो दोन बोटांत धरून आडवा हलवा. किंचित हलेल, घाबरू नका, हा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावरच तरंगत फिरतो. आता तोच आत-बाहेर ओढा. हाताला खटका लागला, किंवा फिरवताना पात्यांची कड घासली, तर मात्र टर्बो उतरवावा लागेल.

नवा टर्बो बसवला आणि आठवड्यात तोही गेला, असं झालं की मालक माल पुरवणाऱ्याशी भांडतो. दोष पुष्कळदा वेगळाच असतो. तेल आणणारी बारीक नळी आतून काजळीनं बुजलेली, म्हणून नव्या टर्बोलाही तेल मिळत नाही. नळी बदला. ऑईल आणि फिल्टर बदला. परतीची नळी मोकळी आहे ना, ते बघा. जुन्या पात्यांचे तुकडे इंटरकूलरमध्ये राहिले असतील, ते काढून तो धुवा. स्टार्टर मारण्यापूर्वी टर्बोत ताजं ऑईल ओता. आणि ही काजळी साचते कशानं? चढ संपताच ढाब्यावर गाडी लावून लगेच इंजिन बंद केल्यानं. टर्बो लाल तापलेला, तेल थांबलेलं, ते जागच्या जागी जळतं. 2–3 मिनिटं इंजिन न्यूट्रलवर चालू राहू द्या.

क्लचचंही असंच आहे. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदा दिलीच आहे, तर क्लच प्लेटसोबत प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑईल सील तपासून घ्या. सील गळत राहिलं तर नवी प्लेट तेलानं भिजेल आणि तीच मजुरी पुन्हा द्याल. 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाडीला डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला, तर पार्ट बदलत बसू नका, आधी मशीन लावून स्कॅन करा. या गाड्यांत धूर साफ करायला वेगळ्या टाकीत यूरिया पाणी घालतात; ते सुटं, भेसळीचं घालणं महागात पडतं. त्यात यूरिया नेमका 32.5 टक्के लागतो.

(दृश्य: खिशातली वही, मराठीत लिहिलेले किलोमीटर.)

आता पैसा. नेहमीची विमा पॉलिसी अपघाताचं नुकसान भरून देते, झिजेनं बिघडलेल्या यंत्राचं नाही. म्हणून किलोमीटरमागे 2 रुपये वेगळ्या खात्यात टाका. महिन्याला 8,000 किलोमीटर धावली तर 16,000, वर्षाला 1,92,000. टायर आणि ऑईलचा पैसा यात मिसळायचा नाही, तो ठरलेला खर्च आहे. भाडं हाती येईल त्याच दिवशी ही रक्कम काढा. डिझेल भरून उरलेल्यातून काढू म्हटलं तर उरत नाही.

खातं रिकामं असताना गाडी बसली, तर हप्त्याच्या तारखेआधीच फायनान्सवाल्याला फोन करा. थकबाकी 90 दिवसांवर गेली की कर्ज बुडीत गणलं जातं. शेकडा 3 रुपयांची उधारी घेऊ नका. ती महिन्याची असते, म्हणजे वर्षाला 36 टक्के, आणि ती फेडायला गाडी जादा माल भरून पळते. मग चाकावरच्या कमानीचा (स्प्रिंगचा) पाटा तुटतो.

बिल पक्कंच मागा. त्याशिवाय टर्बोची वॉरंटी मिळत नाही. उतरवलेला पार्ट परत घ्या, भंगारालाही किंमत असते. गाडी सुटल्यावर पहिला फेरा लांबचा नको. जवळच्या पीथमपूरपर्यंतचा माल घ्या, तिथं इंजिन गार होऊ द्या, ऑईलची पातळी बघा आणि पाईपचे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा.