बोआत्सू, मिएसी, आल्दू

(कुंपण. मध्यरात्रीचं ऊन.)

नॉर्वेच्या उत्तर टोकाचा फिनमार्क. रात्रीचे बारा वाजून गेलेत, पण जुलैत इथं सूर्य मावळत नाही. मालकीच्या खुणेसाठी वासरांचे कान कापायला इथले आदिवासी सामी पशुपालक मुद्दाम हीच वेळ धरतात. गारव्यात डास कमी असतात, धावून जनावर लवकर तापत नाही.

जग या जनावरांना रेनडिअर म्हणतं. त्यातल्या 'रेन'चा इंग्रजीतल्या 'रेन'शी, म्हणजे लगामाशी, काही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेत याच प्राण्याला 'ह्रेइन' म्हणत. पुढचा शब्द नुसतं 'जनावर' सांगणारा. संस्कृतातला 'मृग'ही आधी असाच कुठलाही पशू होता, म्हणून तर सिंह मृगेंद्र. इ.स. 890च्या सुमाराला उत्तर नॉर्वेचा दर्यावर्दी ओट्टार इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला आपल्या 600 माणसाळलेल्या 'ह्रान'बद्दल सांगतो. तशी नोंद आहे.

(कळप गोल फिरतो.)

इथं सामी भाषेत एका शब्दानं भागत नाही. पाळीव तो बोआत्सू, रानटी तो गोद्दी. यंदाचं वासरू मिएसी, वर्षाचं होत आलं की चेअर्पमत. त्यापुढची पाडी वुओन्याल, खोंड वारित. वासरू पायाशी असलेली मादी आल्दू, भाकड ती रोत्नू. बिनशिंगी नुल्पू. खच्ची करून ओढीला शिकवलेला हेअर्गी, म्हणजे आपला बैलच. गोठा पाहिलेल्या माणसाला कालवड आणि गाय यांतला फरक समजावावा लागत नाही.

(वासरू, जवळून.)

गळ्यात नंबराची पट्टी. पट्टी बांधून मिएसीला कळपात सोडतात आणि दुर्बीण लावून बसतात. ते कुठल्या आल्दूच्या मागं लागतं? तिच्या कानांवर खूण कोणाची? घाई केली, वासरू बिथरून भलत्याच मादीमागं गेलं, तर सगळं पुन्हा. आई ठरली की फासा मागच्या पायात, वासरू गुडघ्याखाली, धारदार सुरी. मालकाची खूण दोन्ही कान मिळून वाचायची: इकडं टोक, तिकडं कडेची खाच. सुरी खोल गेली तर तीच खूण दुसऱ्याची दिसते. खुणेविना राहिलेलं वासरू आईपासून तुटलं, की मालकी सांगायला काही उरत नाही.

नॉर्वेच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या सामी मुलांवर नॉर्वेजियन लादली; अनेक घरांतून हे शब्द गेले.

(तळहात.)

कानांचे कापलेले तुकडे खिशात जपलेले. शेवटी तेच मोजायचे. जेवढे तुकडे, तेवढे मिएसी.